गालावरचा प्राणी

मित्रांनो, आरसा खरं बोलतो असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्या माणसाने आरशात कधी धड पाहिलेलं नाही. मी एक जुना आरसा आहे, पाटीएवढा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तुम्ही डावा हात वर करता, माझ्यातला माणूस उजवा करतो, आणि तरी तुम्ही त्याला ‘मी’ म्हणता.

माझा जन्म भट्टीतला. काच थंड झाली, पाठीवर चंदेरी मुलामा चढला आणि मी चष्म्याच्या दुकानात जाऊन बसलो. तिथे माणसं नाकावर फ्रेम चढवायची, मान तिरकी करायची आणि स्वतःवरच खूश व्हायची. टवका उडाला तशी माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला एका चित्रकार बाईने स्वतःच्या पैशाने उचललं आणि स्टुडिओतल्या आपल्या टेबलावर ठेवलं. सगळे तिला ताई म्हणायचे.

गाण्यांच्या ॲनिमेशन व्हिडिओत जी माणसं आणि जनावरं नाचतात, ती आधी कुणीतरी कागदावर जन्माला घालावी लागतात. राग आला की भुवई कुठे जाते, रडताना नाक कसं होतं, सगळं ठरवावं लागतं. ताई ते माझ्यासमोर बसून स्वतःच्या तोंडावर करून पाहायची आणि मग काढायची. म्हाताऱ्याचा हेका, उंदराची धांदल, राक्षसाची जांभई. आजवर माझ्याकडे सगळे सुंदर दिसायला आले होते. ही एकटी कुरूप व्हायला यायची. मला ती आवडली.

मग ते गाणं आलं. गायिका एका सकाळी उठली तर तिचा अर्धा चेहरा लुळा पडलेला. ओठ एकीकडे लोंबलेला, एक डोळा मिटेना. तिने त्याच्यावरच गाणं रचलं: रात्रीतून एक प्राणी येऊन गालावर बसला आणि आता उठायचं नाव घेत नाही. व्हिडिओत दोघंच, ती आणि तो प्राणी.

ती भेटायला आली तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता.

“डावी बाजू गेली,” ती म्हणाली. “चहा अर्धा पोटात जातो, अर्धा हनुवटीवर. प्राण्याला गोड चालतो की नाही, ते विचारायचं राहिलंय.”

ताईला हसू आलं. गायिका हसली नाही. “एकच सांगते. मला सरळ तोंडाची काढलीत, तर गाणं घेऊन परत जाईन.”

ताईने प्राणी काढायला घेतला. पहिला दात विचकणारा निघाला, तिने फाडला. दुसरा केसाळ आणि गोंडस निघाला. तो स्टुडिओच्या साहेबाला भारी आवडला, कारण त्याच्या बाहुल्या विकता आल्या असत्या. ताईने तोही फाडला. शेवटी तिने डावा गाल बोटांनी खाली ओढून धरला, माझ्यात पाहिलं आणि तसंच बसून राहिली. डोळ्यात पाणी आलं तरी हात काढला नाही. त्या कागदावर जो प्राणी उतरला, त्याला दात नव्हते, नखं नव्हती. मांजराएवढा, जड, गालावर गाढ झोपलेला. त्याच्या वजनाने खालचा ओठ ओघळलेला.

गायिका पसंतीला येणार त्या दिवशी साहेबाने भिंतीवर दुसराच कागद टाचला. कुणाकडून तरी गुपचूप काढून घेतलेला, सरळ तोंडाचा, शेजारी केसाळ बाहुला.

“साहेब, त्या बाई उठून जातील.”

“कोणी जात नाही. स्वतःचं वाकडं तोंड कुणाला बघायला आवडतं? तुझा कागद ड्रॉवरमध्ये. तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस.”

जिन्यावर पावलं वाजली. ताईचा एक हात ड्रॉवरवर होता.

गायिकेने भिंतीकडे पाहिलं. खांद्यावरची पिशवी नीट केली आणि दाराकडे वळली.

“थांबा,” ताई म्हणाली आणि तिने आपला कागद टेबलावर ठेवला.

साहेब ताडकन पुढे आला. कागदावर नजर पडली आणि त्याचा चेहरा उजळला. “अगं, बाजूसुद्धा धड जमली नाही तुला? बाईंचा डावा गाल, तू उजवा काढलास. बघा हो बाई, ही आमची हुशार पोरगी.”

ताई पांढरीफटक पडली. गाल तिने डावाच धरला होता, पण माझ्यात दिसला तसा कागदावर उतरवला होता. आता सांगून कोण ऐकणार?

गायिकेने मास्क काढला. साहेबाने नजर दुसरीकडे वळवली. तिने मला उचललं, स्वतःला पाहिलं, मग कागद माझ्या शेजारी धरला आणि बराच वेळ आळीपाळीने पाहत राहिली. तिचा मिटत नसलेला डोळा मला अगदी जवळून दिसत होता.

“मला तर हीच बाजू दिसते,” ती म्हणाली. “रोज सकाळी.”

“पण लोकांना ती उलटी...” साहेब म्हणाला.

“गाणं लोकांचं नाही. ज्या तोंडाशी मी रोज भांडते, ते हे. असंच राहू दे.” मग ताईकडे वळून, “आणि हे झोपलेलं ध्यान तर हुबेहूब. मेलं घोरत कसं नाही, तेवढंच नवल.”

व्हिडिओ तसाच झाला. लोकांनी वाहवा केली, साहेबाने ती हात जोडून स्वतः घेतली. ताईने काम संपवलं आणि ती स्टुडिओ सोडून गेली. मला उचलायला लागली तर साहेब म्हणाला, सामान स्टुडिओचं आहे.

आता टेबलावर कॅमेरा आहे. बटण दाबलं की तो नाक सरळ करतो आणि गाल गुळगुळीत. मी कपाटामागे पडलोय, पाठीवर काळे डाग चढतायत.

मित्रांनो, जुना आरसा ओल्या फडक्याने पुसू नका, पाठीत ओल शिरली की तो आंधळा होतो. आणि तुमच्या हातात पेन्सिल असेल, समोर कुणाचं वाकडं तोंड असेल, तर ते परस्पर सरळ करू नका. ज्याचं आहे, त्याला आधी विचारा.