दोनदा झाडलेली खोली

वॉर्डबॉयचा जीव कोणी घेतला, याबद्दल घरात दुमत नव्हतं. उचापतींनीच घेतला.

वॉर्डबॉय म्हणजे घर झाडणारं यंत्र. ताटाएवढं गोल, चार बोटं उंच, आपल्या चाकांवर घरभर फिरणारं आणि एकेक खोली झाली की बाईच्या आवाजात तसं जाहीर करणारं. हे नाव ठेवलं ताईंनी. ताई इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी हुकूम सोडायला कोणीतरी लागायचंच, आणि नवरा त्या कामी केव्हाच नापास झाला होता. नवऱ्याला सगळे उचापती म्हणत. टेलिफोनच्या कचेरीत असताना जे यंत्र नीट चालतंय ते का चालतंय हे बघायला उघडून ठेवायची त्यांना खोड होती, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

झालं असं, की नवीन अपडेट आलंय, लावू का, असं यंत्राने एका सकाळी फोनवर विचारलं. अशा वेळी शहाणा माणूस मूग गिळून बसतो. उचापतींनी 'हो' दाबलं. वॉर्डबॉयने बराच वेळ दिवे लुकलुकवले, "आपला अनुभव आता अधिक चांगला झाला आहे," असं सांगितलं आणि जे डोळे मिटले ते मिटलेच. कंपनीला फोन लावला तर पलीकडची मुलगी साखरेसारख्या आवाजात म्हणाली, की तुमचं मॉडेल जुनं, नवीन सॉफ्टवेअर त्याला पेलत नाही, तेव्हा नवीन यंत्र घ्या, सवलत देऊ. मग जुनंच सॉफ्टवेअर परत घाला की, असं उचापती म्हणाले. तसं करता येत नाही, ते तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे, असं उत्तर आलं. केर काढण्यात कसली आलीय सुरक्षितता, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "रविवारी माझ्या इस्पितळातल्या मैत्रिणी येणार आहेत. तोवर वॉर्डबॉय उभा राहिला नाही, तर तुमचं ते टेबल भंगारात जाईल. मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय."

उचापतींच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या खोलीतलं टेबल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यावर सोल्डरिंग गन, भिंग, पोट फाडलेले रेडिओ, स्क्रूंनी भरलेल्या डब्या, आणि कशातून निघाली हे आता त्यांनाही न आठवणारी एक मोटर. त्या खोलीत टेबल येऊन दोनच वर्षं झाली होती. त्याआधी ती खोली धाकटीची होती.

धाकटी म्हणजे ताईंची बहीण, त्याच गावात राहणारी. पूर्वी महिन्याकाठी दोन-चार दिवस ती इकडे राहायला यायची, तिचा पलंग त्या खोलीत असायचा. दोघींनी झाडायची यंत्रंसुद्धा एकाच दुकानातून जोडीने घेतली होती. मग धाकटीने नवीन घर घेतलं, ते दाखवायला पाहुणे बोलावले, आणि त्या भरल्या घरात ताईंनी कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवून ते उजेडात धरलं. बोलल्या काहीच नाहीत. वॉर्डातली सवय ती, हात आपोआप गेला. पण बोट काळं होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं. "ताई, हे माझं घर आहे, तुझा वॉर्ड नाही," धाकटी म्हणाली, आणि त्यानंतर दोघींची बोलचाल बंद. पलंग माळ्यावर गेला, टेबल खोलीत आलं.

असो. तर ते मेलेलं यंत्र काखोटीला मारून उचापती चष्मेवाल्याकडे गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत तिघांचा अड्डा होता. चष्मेवाला, उचापती आणि दातवाल्या बाई. बाईंचा दवाखाना वरच्याच मजल्यावर, आणि दाढेच्या मुळापर्यंत जाणारा तो हात सोल्डरिंगलाही असा काही चालायचा, की बाकीचे दोघे नुसते बघत राहायचे. इंटरनेट नाही म्हणून गरम व्हायला नकार देणारा ओव्हन, परकी शाई ओळखून संपावर गेलेला प्रिंटर, असे बरेच रोगी इथून चालते होऊन घरी गेले होते. कंपन्यांनी अपडेट पाठवून मारायचं आणि या मंडळींनी उठवून बसवायचं, असा हा शेजारधर्म चालला होता.

बाईंनी डोळ्याला भिंग लावून वॉर्डबॉयच्या पोटात पाहिलं. "दात शाबूत आहे," त्या म्हणाल्या, "नुसती नस मारून टाकलीय." मग त्यांनी समजावलं. पोटात नखाएवढी एक चिप असते, यंत्राला जे काही येतं ते सगळं तिच्यात साठवलेलं. अपडेटने ती अर्धीमुर्धी पुसून टाकली होती. अगदी याच जातीचं, अपडेट न झालेलं यंत्र मिळालं, तर त्याच्या चिपमधलं उतरवून हिच्यात भरता येईल. असं यंत्र कुठे आहे का?

होतं. धाकटीच्या घरी.

इथे साडू कामाला आला. बायकांचा अबोला पाळणं दोघा साडूंना कधी जमलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे ते चोरून भेटायचे आणि दोन्ही घरच्या बातम्या एकमेकांना पुरवायचे. साडूचं यंत्र जिवंत होतं ते निव्वळ त्याच्या आळसामुळे. वायफायचा पासवर्ड बदलल्यावर तो यंत्रात घालायचा त्याने कंटाळा केला, म्हणून अपडेट तिथवर पोचलंच नव्हतं.

धाकटी वाचनालयात नोकरीला. ती कामावर गेल्यावर साडूने यंत्र पिशवीत घालून वर भाजी ठेवली आणि तो दुकानाच्या मागच्या दाराने आत आला. बाईंनी चिपला केसासारख्या तारा जोडल्या. आता यातला फक्त चालवायचा भाग वेगळा काढायचा, बाकीचं त्या घरचं आहे ते वगळायचं, थोडा वेळ लागेल, असं त्या सांगताहेत तोच साडूचा फोन वाजला. धाकटी लवकर सुटली होती आणि घराकडे निघाली होती. साडूची पाचावर धारण बसली. निवडत कोण बसतंय, सगळंच उतरवा, असं उचापती म्हणाले. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळंच उतरवलं.

दुसऱ्या दिवशी ताई बाजारात गेल्या, तेव्हा उचापतींनी वॉर्डबॉय जमिनीवर ठेवून बटण दाबलं. तो जागा झाला, गिरकी घेतली आणि ऐटीत निघाला तो थेट चपलांच्या कपाटावर आदळला. तिथून वळून न्हाणीघराच्या दारात गेला, थोडा घुटमळला आणि म्हणाला, "स्वयंपाकघर झालं." जेवणाच्या टेबलाखाली जाऊन त्याने गॅलरी झाल्याचं सांगितलं. तेव्हा उचापतींच्या डोक्यात उजेड पडला. चिपबरोबर धाकटीच्या घराचा नकाशाही उतरला होता. स्वारी राहायला इथे होती, पण मनाने अजून तिकडेच नांदत होती. उचापती पोट धरून हसले.

मग वॉर्डबॉय बोळातल्या भिंतीपाशी गेला. पलीकडे जायला जागा नव्हती, पण तो भिंतीला नाक लावून तिथल्या तिथे पुढेमागे करत राहिला आणि म्हणाला, "ताईची खोली झाली." उचापतींचं हसू थांबलं. यंत्र मात्र थांबलं नाही. त्याने तिथेच पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेवढाच वेळ घालवला आणि म्हणालं, "ताईची खोली दुसऱ्यांदा झाली."

त्यांनी साडूला फोन लावला. हळू बोल, असं आधी बजावून साडूने सांगितलं, की हो, आहे एक खोली, रिकामीच असते. पलंग घातलेला, चादर बदललेली. यंत्रात खोल्यांची नावं सगळी धाकटीनेच घातलीत आणि ती खोली रोज दोनदा झाडून घेते. एकदा त्याने आपली सायकल तिथे टेकवली होती, तर तीन दिवस त्याच्याशीही अबोला.

उचापती मागच्या खोलीत टेबलापाशी येऊन बसले. फोनवर समोरच बटण होतं, 'नकाशा पुसा'. ते दाबलं की वॉर्डबॉय या घराचा होणार, रविवार साजरा होणार आणि टेबल वाचणार. नाही दाबलं आणि ताईंनी ते ऐकलं, तर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. टेबल ज्या खोलीत होतं ती मुळात धाकटीची, आणि धाकटी परत आली की टेबल बाहेर. अंगठा बटणावर गेलासुद्धा. पण रोज संध्याकाळी ताई फोन हातात घेत, धाकटीच्या नावापर्यंत येत आणि फोन खाली ठेवून उगाच चष्मा पुसत बसत, हे ते दोन वर्षं बघत आले होते. बघून त्यांना वाईट वाटायचं, आणि टेबलापायी आपण कधी काही बोललो नाही याची लाजही वाटायची. त्यांनी फोन खिशात टाकला.

ताई आल्या तेव्हा उचापती साळसूदपणे वर्तमानपत्र वाचत होते. उभा राहिलाय एकदाचा, असं म्हणत त्यांनी बटण दाबलं. न्हाणीघराचं स्वयंपाकघर झालेलं ऐकून, याचं डोकं फिरलंय, असं ताई म्हणाल्या. जेवणाच्या टेबलाची गॅलरी झाली तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. मग वॉर्डबॉय भिंतीला जाऊन भिडला आणि जे म्हणायचं ते म्हणाला.

"कोणाच्या घरचं भरलंय याच्यात?" ताईंनी विचारलं.

उचापतींनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात यंत्राची दुसरी फेरी संपली आणि तेही त्याने जाहीर केलं.

"दोनदा?" ताई म्हणाल्या.

"रोज."

ताई गुडघे धरत तिथेच जमिनीवर बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. बऱ्याच वेळाने उठून त्या मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तिने माझी खोली राखलीय," त्या म्हणाल्या. "आणि मी तिच्या खोलीत तुमचं भंगार भरलं."

मग फोनवरचं त्यांचं पहिलं वाक्य उचापतींनी स्वयंपाकघरातून ऐकलं. "अगं, मी बोलतेय. तुझी खोली आवरायला घेतलीय, दोन दिवस दे मला." पुढे बराच वेळ फोन कोणीच ठेवत नव्हतं.

रविवारी मैत्रिणी आल्या त्या आयत्याच सापडल्या. चार निवृत्त नर्सनी पेशंट उचलावा तसं टेबल अलगद उचललं, गॅलरीत नेऊन ठेवलं आणि माळ्यावरचा पलंग खाली आणला. भंगारवाल्याला ताईंनी परत पाठवलं, एवढी दया केली. उचापती त्यांच्या मागून डब्या आणत राहिले. जुना नकाशा पुसून नवा घालायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं, आणि खोल्यांची नावं ताईंनी शेजारी बसून सांगितली.

धाकटी आली ती बॅग घेऊनच आली. मागे साडू, चेहरा असा की आपण या यंत्राला जन्मात कधी पाहिलेलं नाही. दोघी बहिणी दारात एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात वॉर्डबॉय मागच्या खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, "धाकटीची खोली तिसऱ्यांदा झाली."

"तीनदा?" धाकटी म्हणाली.

"तुझ्याकडे दोनदा होते म्हणे."

धाकटीने ओठ आवळले. ती खोलीत गेली, पलंग पाहिला, जमीन पाहिली, मग सरळ खिडकीपाशी जाऊन वरच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. बोट काळंकुट्ट होतं आणि त्याला सोल्डरचा एक मणी चिकटला होता. दोघे साडू आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडे बघू लागले.

"ताई," धाकटी म्हणाली, "वॉर्डबॉयला खिडकीवर चढता येत नाही वाटतं."

ताईंनी त्या बोटाकडे पाहिलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. धाकटीही हसायला लागली. हसता हसता दोघी पलंगावर बसल्या आणि मग थोड्या रडल्याही. फडकं आणा, असं ताईंनी त्यातूनच फर्मावलं.

फडकं गॅलरीत टेबलावर होतं. उचापती ते घ्यायला गेले आणि तिथेच रेंगाळले. ऊन, वारा आणि रस्त्यावरची धूळ आता सगळी टेबलाच्या वाट्याला आली होती. वॉर्डबॉय उंबऱ्यापर्यंत आला आणि वळून गेला, कारण नव्या नकाशात गॅलरी नव्हतीच. ती घालायला ताई विसरल्या होत्या की त्यांनी मुद्दाम घातली नव्हती, हे विचारायची उचापतींची छाती झाली नाही.

फडकं येईना म्हणून ताईच मागून आल्या. टेबलाशी थांबल्या, सवयीने बोट फिरवलं आणि बघितलं. ताईंनी बोट उजेडात धरलं नाही. ते त्यांनी उचापतींच्या बाहीला पुसलं, फडकं उचललं आणि आत गेल्या.