माझ्या पोटाखालचा पाचवा बॉम्ब

मित्रांनो, मला पाहणाऱ्याला वाटतं, हे शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या बॉम्बफेकी विमानाचं मॉडेल असावं. तसं विमान जगात कधी उडालंच नाही. मी जीवनच्या डोक्यातून निघालेलं, हिवरखेडच्या एका ओसरीत टांगलेलं विमान आहे. आणि त्या दिवसाचा धक्का मला अजून पचलेला नाही.

जीवनची झेंडू-शेवंतीची शेती. त्याच्या तीन वर्षांच्या मुलाला, प्रीतमला, विमानाचं वेड, म्हणून जीवननं मला घडवलं. वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा माझा सांगाडा. जुन्या लग्नपत्रिका कापून एकावर एक असे दोन पंख केले आणि हार ओवायच्या दोऱ्यानं ते ताणून बांधले. पोटाखाली मातीचे चार बॉम्ब, काळ्या रंगाचे.

प्रीतमची आई हर्षा मात्र धास्तावलेली. पोरगं दिसेल ते तोंडात घालतं! तिनं प्रत्येक बॉम्ब ओढून पाहिला, सैल वाटला तो पुन्हा चिकटवायला लावला आणि मला खाटेवर उभं राहूनही प्रीतमचा हात पोचणार नाही इतकं उंच टांगलं. तेव्हा मला वाटलं, इतकी काळजी कशाला?

फुलं न्यायला येणारा प्रत्येक जण मान वर करून मला पाही. शेजारची शकुन तर म्हणाली, असं इमान अकोल्याच्या बजारात बी भेटनार नाही. माझे पंख अभिमानानं फुगले. प्रीतमची आजी पार्बताबाई हिला मात्र एवढं कौतुक खटकलं. दुपारी ओसरीत कुणी नसताना तिनं माझ्या पोटाला काळा दोरा बांधला. त्याच्या टोकाला, माझ्याखाली चांगला हातभर, एक काळाभोर बिबा लोंबत होता. मला वाटलं, वा, पाचवा बॉम्ब! प्रीतमलाही तसंच वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी तो खाटेवर चढला. बिबा त्याच्या हाती आला. त्यानं तो ओढून तोडला आणि चावला.

त्याच्या किंकाळीनं माझे पंख थरथरले. हर्षा धावत आली. ओठ काळे, बघता बघता सुजलेले, हनुवटीवर फोड. तिनं आधी माझे बॉम्ब मोजले. चारही जागेवर! मग पोरानं खाल्लं काय? जीवनला वाटलं, बॉम्बचा काळा रंगच पोटात गेला. त्यानं मलाही पिशवीत घातलं आणि सगळे तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टर म्हणाले, घशाला सूज चढली तर श्वास अडकेल. नेमकं काय पोटात गेलं ते कळायला हवं. जीवन रंगाची डबी दाखवत होता. पार्बताबाईची नजर माझ्या पोटाखालच्या तुटक्या दोऱ्यावर गेली आणि तिनं तो हातात धरला.

"रंग नोहे तो, डॉक्टरसायेब," ती म्हणाली. "बिबा होय. म्याच बांधला होता. नजर लागू नाही म्हून."



बिब्याच्या तेलानं तोंड भाजलंय हे कळताच डॉक्टरांनी उपचार बदलले. घशाची सूज उतरेपर्यंत प्रीतमला तिथंच ठेवलं. पोरगं वाचलं. त्याला पाणी गिळता आलं तेव्हा कुठं हर्षा सासूकडे वळली.

"आई, तुमी त्याच्या भल्यासाठीच बांधला. पन मले एका शब्दानं सांगाचं होतं नं."

सासूनं पदरात तोंड लपवलं. हर्षानंच तिला पाणी आणून दिलं.

मित्रांनो, मी लढाईचं विमान, पण माझे चार बॉम्ब निव्वळ माती. भाजलं ते मायेनं बांधलेल्या बिब्यानं. घरात लहान मूल असेल, तर काही टांगताना, बांधताना, ठेवताना घरातल्या सगळ्यांच्या कानावर घाला. एकटीनं घेतलेली काळजीही पोराच्या जिवावर बेतते.

प्रीतमचे ओठ आता बरे आहेत, आणि मीही पुन्हा ओसरीत टांगलेलं आहे. पण माझ्याखालून जाताना तो दोन्ही हात तोंडावर दाबून धरतो आणि पळतो.