अध्यक्षांचा बायपास

कागलच्या अलीकडे, हायवेला लागूनच बाळासोंचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. चौपदरी रस्ता गावाबाहेरून न्यायचं घाटू लागलं तशी हॉटेलच्या पोटावर पाय येणार हे दिसलं, आणि बाळासो बायपासविरोधी कृती समितीचे अध्यक्ष झाले. आवाज असा की सभेला माईक लागायचा नाही.

एका सकाळी भजी तळता तळता छातीत कळ आली आणि तो आवाज बसला. बायको शालूबाईंनी त्यांना जीपमध्ये घालून शहरात, शाहूपुरीतल्या हार्टच्या डॉक्टरांकडे आणलं. तपासणीत तीन नसा तुंबलेल्या निघाल्या.

"बायपास करावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

बाळासो तशातही उठून बसले. "तुमी बी त्यांच्यातलंच व्हय? आदी माणूस बरा करा की, रस्त्याचं मागनं बघू."

डॉक्टरांना काही कळेना. शालूबाईंनी समितीची हकिकत सांगितली, तेव्हा कुठे त्यांनी कागदावर नस काढून दाखवली. "पायातली एक नस काढायची आणि तुंबलेल्या जागेला वळसा घालून बसवायची. पूर्वी याला मुंबई गाठावी लागायची. आता इथंच होतं."

"म्हंजे पायाची जमीन जानार."

"थोडी जाणार."

"आनि जुना रस्ता?"

"तो राहतो. नवी नस तुंबलेल्या जागेच्या पुढं परत त्यालाच जोडतो. जोडली नाही तर उपयोग काय?"

बाळासोंनी तो कागद हातात घेऊन बघितला. त्यांचे वडील असेच कळ येऊन हॉटेलच्या बाकावर गेले होते, हातात लिंबू-सोडा. घरच्यांना वाटलं, वायू धरला. बाळासोंना मरणाची भीती होतीच, पण त्याहून लाज जास्त होती.

"अध्यक्षानंच बायपास केला म्हनत्याल."

"म्हनू द्यात," शालूबाई म्हणाल्या. "ऐकायला तुमी ऱ्हावा म्हंजे झालं."

ऑपरेशन झालं. पावसाळा सरल्यावर समितीनं रास्ता रोको ठेवला. गाव रस्त्यावर बसलं आणि अध्यक्षांच्या घोषणेची वाट बघू लागलं. बाळासो उठले. 'बायपास रद्द करा' हे शब्द काही तोंडातून निघेनात.

"होऊ दे बायपास," ते हळूच म्हणाले. "पर पुढं आमच्या गावाला परत जोडा. फाटा पायजे."

"अध्यक्ष फुटलं," मागून कोणीतरी म्हणालं.

बाळासोंनी सदऱ्याची बटणं सोडली. गळ्याखालपासून छातीभर उभा व्रण होता.

"ह्यो बायपास पुढं जोडलाय," ते म्हणाले, "म्हनून बोलतोय."