कुणी सांगितलं तुला?

मंजुषाने दंडाला रबरी पट्टा आवळला आणि कोपराच्या खळगीत बोटाने शीर चाचपली.

"मूठ घट्ट धरा, सर. हवं तर तिकडे बघा."

हर्षल गायधनीने लगेच मान खिडकीकडे वळवली. महाराष्ट्रभर ओळखला जाणारा नट, पण सुईला घाबरत होता. काल नाशिकला प्रयोगासाठी आला आणि तापाने पडला. हॉटेलवाल्यांनी लॅबला फोन केला, लॅबने मंजुषाला पाठवलं. सकाळी सहापासूनचं हे तिचं पाचवं सॅम्पल होतं.

त्याला न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. चोवीस वर्षांपूर्वी दोघं एकाच कॉलेजात, एकाच एकांकिकेत होती. पण तो विषय काढायचा नाही, असं तिने लिफ्टमध्येच ठरवलं होतं.

ट्यूबवर नाव लिहायला ती वाकली, तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र त्याच्यासमोर आलं. त्याने ते वाचलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मंजुषा? लग्नाआधीची जाधव का?"

"हो."

"अगं, मग बोलत का नाहीस?"

"तुम्हाला बरं नाही. आणि इतक्या वर्षांनी कुठे आठवणार."

तो उशीला टेकून उठून बसला.

"आपल्या एकांकिकेच्या शेवटच्या प्रवेशात तू मुलाला बाहेर काढतेस, दार लावतेस आणि कडीवर हात ठेवून नुसती उभी राहतेस. मी विंगेत होतो. ते उभं राहणं मी अजून वापरतो. चोरतो म्हण. दर वेळी टाळ्या पडतात." तो थांबला. "तू का सोडलंस?"

"जमत नव्हतं मला."

"कुणी सांगितलं तुला?"

मंजुषाने बॅगेची चेन लावली.

"कापूस पाच मिनिटं दाबून धरा. रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर येईल."

द्वारका चौकाच्या सिग्नलला ती स्कूटीवर थांबली. आपण प्रयत्न करून पाहिला, आपल्यात ते नव्हतं, हे तिच्या मनात कधीचंच पक्कं बसलेलं होतं. त्यामुळे निफाडचं स्थळ आलं तेव्हा काही सोडून द्यावं लागलं नव्हतं. टीव्हीवर हर्षल दिसला की ती सासूबाईंना सहज सांगायची, आमच्या कॉलेजचा हा. त्यात हेवा नसायचा. तो त्यातला होता, आपण नव्हतो, एवढंच.

आता ती आठवू लागली, असं म्हणालं कोण? एकांकिका बसवून घेणारे सर म्हणाले नव्हते. परीक्षकही नाही. वडील, अण्णा, तर शेवटच्या रांगेत बसून नाटक बघून गेले होते आणि घरी आल्यावर तिच्यासाठी स्वतः चहा ठेवला होता. कुणीच म्हणालं नव्हतं.

मागून हॉर्न वाजू लागले. सिग्नल कधीच सुटला होता.

पंचवटीत पुढच्या पेशंटची, धोंडाबाईंची, शीर पहिल्या टोचण्यात चुकली. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"दमलीस गं बाई," म्हातारी म्हणाली. "बस जरा, पाणी पी."

मंजुषा बसली. पाणी प्यायली, आणखी एक तांब्या मागितला. मग दुसऱ्या हाताची शीर शोधली.

दुपारी घरी पोचली तेव्हा चैताली दारातच उभी होती. आई हर्षल गायधनीचं रक्त घ्यायला गेलीय, हे मैत्रिणींना सांगून झालेलं असणार.

"मम्मी, कसा दिसतो गं खरा?"

"थकलेला."

"आणि? ओळखलं का त्याने तुला?"

मंजुषा चपला काढत होती. हो म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि संध्याकाळी नवरा, मनोज, आल्यावर पुन्हा, आणि मग सासूबाईंना. मग कुणीतरी विचारलंच असतं, की मग सोडलंस कशाला.

तिने हलकेच मान हलवली. ओठांवर थोडं हसू आणलं, स्वतःचंच हसू यावं तसं, आणि ते पुरतं उमटायच्या आधीच आवरलं.

"नाही गं. मी आपली वाट बघत होते, ओळखेल म्हणून."

चैतालीचा चेहरा उतरला. तिने आईच्या हातातून बॅग घेतली, पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे ना मम्मी. मोठी माणसं ती. आपण कुठे त्यांच्या लक्षात राहणार!"

"हो ना," मंजुषा म्हणाली.

चैतालीने पुढे काहीच विचारलं नाही. डोळे पुसत ती आईचं ताट वाढायला गेली.