उतरलेली तार

जलीलभाईंनी बारा तारांच्या गिटारची शेवटची तार खुंटीत ओवली, जास्तीचं टोक कापलं आणि ती सुदाम सरांच्या मांडीवर ठेवली.

"छेडून बघा, सर."

सरांनी अंगठा फिरवला. आवाज आला. तो बरा की वाईट हे काही त्यांना कळलं नाही, तरी त्यांनी जाणकारासारखी मान डोलावली. खरं तर नांदेडच्या या पेटी-तबल्याच्या दुकानात ते गिटार घ्यायला आलेच नव्हते. ते माफी मागायला आले होते. पण नाव सांगताच जलीलभाई उठून उभे राहिले, "आमच्या उमैमाचे सर!" म्हणाले, आणि सरांना माफीचा विषय काढता येईना. नजर भिंतीकडे पळाली. तिथं ही गिटार होती. 'ती द्यायची आहे का?' असं तोंडून निघून गेलं.

भूकंपानंतर किल्लारीकडे मदतीला आलेला कुणी गोरा मुलगा ती इथंच ठेवून गेला होता. तिचं उकललेलं पोट जलीलभाईंनी सरस लावून सांधलं होतं.

"तारा नव्या हायत. एकदम चढवू नका, मान वाकंल. दोन सूर खालीच ठेवा. आठ-आठ दिवसांनी आणा, थोडं थोडं चढवू," जलीलभाई म्हणाले. "उमैमाला लातूरचं पाणी मानवलं न्हाई, म्हणून परत आली. पण तुमचं नाव लई घेती."

सरांना त्या दुकानात तोंड लपवायला जागा सापडेना.

झालं होतं एवढंच. मेडिकल प्रवेशाच्या त्यांच्या लातूरच्या क्लासमध्ये दोनशे पोरांसमोर सरांनी एक गणित सोडवलं. दोनशे छप्पन्न कंपनांचा नादकाटा, त्याच्याबरोबर वाजणारी एक तार, सेकंदाला चार बीट्स, म्हणजे आवाजाचे हेलकावे. तार ताणली की बीट्स कमी होतात. तर आधी तारेची कंपनं किती? सरांनी फळ्यावर लिहिलं, दोनशे साठ. उमैमा उभी राहिली.

"सर, तार उतरलेली होती. दोनशे बावन्न येईल. अब्बा रोज असंच लावतात."

"अब्बांच्या दुकानात पेट्या दुरुस्त होतात," सर म्हणाले होते. "इथं डॉक्टर तयार होतात."

वर्ग खो खो हसला. संध्याकाळी सरांनी वही काढून पाहिलं. दोनशे बावन्न. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या धड्याकडे वळले, आणि चौथ्या दिवसापासून उमैमाचा बाक रिकामा दिसू लागला.

गिटार घरी आली तेव्हा सरांच्या बायकोनं, दीपालीनं, विचारलं, "या वयात हे काय खूळ?" दोन बॅचच्या मधल्या वेळात ते दार लावून बसत. एका बोटाखाली दोन-दोन तारा दाबायच्या, त्या बोटात रुतत. टोकांना फोड आले, फुटले, आणि त्यात खडूची भुकटी गेली की फळ्यासमोर डोळ्यांत पाणी येई. आपल्याला हीच शिक्षा पाहिजे, असं त्यांना वाटे.

आठ दिवसांनी ते गिटार घेऊन नांदेडला गेले. तारा चढल्या, चहा झाला, बोलणं राहून गेलं. पुन्हा आठ दिवसांनी गेले, तेव्हा जलीलभाई नमाजला गेले होते आणि गल्ल्यामागे उमैमा होती. ती चटकन उभी राहिली.

"बसा, सर. मी लावून देते."

तिनं सगळ्यात खालची जोडी छेडली. दोन तारा एकदम वाजल्या आणि आवाजाला हेलकावे आले. तिनं खुंटी जराशी पिळली. हेलकावे मंदावले, लांबले आणि थांबले. दोन तारांची एकच झाली. अठरा वर्षं जे सरांनी फळ्यावर शिकवलं, ते आज पहिल्यांदा त्यांच्या कानांवर पडलं.

"उमैमा," ते म्हणाले, "त्या दिवशी तुझंच बरोबर होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

"मला वाटलंच होतं, सर."

"मी चुकलो. तुझ्या अब्बांबद्दल तसं बोलायला नको होतं."

तिनं मान हलवली. फडक्यानं तारा पुसत राहिली. सरांना हलकं वाटू लागलं होतं, तेवढ्यात तिनं विचारलं, "मग पोरांना सांगितलं का, सर?"

सर गिटारच्या खुंट्यांकडे बघू लागले.

"नाही म्हणजे, सगळ्यांच्या वहीत दोनशे साठच आहे. रविवारी सीईटी आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच काळजी वाटत होती. दोन आठवडे सर एसटीत मांडीवर गिटार घेऊन जा-ये करत होते, आणि दोनशे वह्यांची आठवण त्यांना एकदाही झाली नव्हती.

दारात जलीलभाई आले. "आलात का, सर? बसा, चहा सांगतो."

"नको, जलीलभाई," सर उठले. "गिटार राहू द्या इथंच. लातूरची गाडी कितीला आहे?"

"अडीचला. काय झालं?"

"सहाची बॅच आहे आज," सर म्हणाले. "सगळ्यांच्या वहीतलं दोनशे साठ खोडायचंय. गाडीला उशीर झाला तरी कुणाला घरी जाऊ देणार नाही."