सदस्य नसलेल्याचा राजीनामा

डोंगरातल्या बंडखोरांनी सत्ताधारी पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला त्याच्याच दारात गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बाजारभर पत्रकं लागली: आठ दिवसांत पक्षाचा राजीनामा द्या, नाहीतर पुढचा नंबर तुमचा.

पक्षाच्या कचेरीसमोर एका शिंप्याचं दुकान होतं. तो पक्षात कधीच नव्हता. पण बारा वर्षं सगळ्या पुढाऱ्यांची जाकिटं त्यानंच शिवली होती. अध्यक्ष पडला तेव्हाही अंगात त्याच्याच हातचं जाकीट होतं.

"तुम्ही राजीनामा देऊन टाका," बायको म्हणाली.

"कशाचा? मी कुठं पक्षात आहे?"

"ते त्यांना कोण सांगणार? गोळी काय चौकशी करून येते?"

कचेरीची पुढची भिंत बंडखोरांनी केलेल्या स्फोटात पडली होती, तरी कारकून शिस्तीत दारातूनच ये-जा करत होता. त्यानं रजिस्टर तीनदा चाळलं.

"तुमचं नाव नाही. सदस्य नसलेल्याचा राजीनामा घेता येत नाही."

"मग मी सदस्य नाही, एवढं लिहून द्या."

"तसा छापील नमुना नाही. तुम्ही असं करा, आधी सदस्य व्हा, मग लगेच राजीनामा द्या. पाच मिनिटांचं काम."

शिंप्याला हे खरंच पटलं की भीतीनं डोकं चालेनासं झालं, ते त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. त्यानं अर्जावर सही केली, शिक्का पडला, आणि त्यानं राजीनामा पुढं सरकवला.

"हा अध्यक्षांनी मंजूर करायचा," कारकून म्हणाला.

"ते तर गेले."

"उपाध्यक्षांनी परवा सोडलं. चिटणीसांनी काल." त्याचं बोट पानाच्या तळाशी येऊन थांबलं. "उरलेल्यांत जो ज्येष्ठ, तो हंगामी अध्यक्ष."

"उरलेत किती?"

कारकून खुर्ची सरकवून उभा राहिला. "आपणच, साहेब. मी नुसता पगारी माणूस."

"मग मीच मंजूर करतो."

"अध्यक्षांचा राजीनामा मुख्यालयाकडं जातो, साहेब."

मुख्यालयातून उत्तर आलं ते अभिनंदनाचं. पेपरात फोटो आला, संरक्षणाला एक शिपाईही आला.

"सुटायला गेलात आणि अध्यक्ष होऊन आलात," बायको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी शिपायानं आपली पँट आखूड करायला दिली. टॉवेल गुंडाळून तो पडद्यामागं बसलेला असतानाच, भर दुपारी, दोन माणसं दुकानात शिरली. धाकट्याच्या हातात बंदूक होती.

"अध्यक्ष कोण?"

"मीच. पण मी राजीनामा दिलाय." शिंप्यानं कागद दाखवला.

थोरल्यानं तो वाचला. "मंजुरीची सही कुठाय? आमच्या यादीत तुमचं नाव नव्हतंच. पेपर बघून घातलं."

"मंजुरी मुख्यालयानं द्यायची असते."

"तुम्हीच करा. त्यांना आम्ही कळवू."

शिंप्यानं स्वतःचा राजीनामा मंजूर केला. साक्षीदार म्हणून थोरल्यानं बायकोची सही घेतली. तिनं ती ठळक केली. पडद्यामागून हूं की चूं आलं नाही.

"नुसतंच परत जायचं?" धाकट्यानं विचारलं. थोरल्यानं नकारार्थी मान हलवताच त्यानं शिलाई मशीनवर तीन गोळ्या झाडल्या. लोखंडाचा एक तुकडा उडाला आणि शिंप्याच्या उजव्या तर्जनीचं पेर घेऊन गेला.

संध्याकाळी दवाखान्यात कारकून आला. मुख्यालयाचा निरोप होता: धाक दाखवून घेतलेला राजीनामा ग्राह्य नाही, आपण पदावर कायम आहात.

बायकोनं त्याला बाहेर बसवलं आणि सकाळी पहिल्या गाडीनं नवऱ्याला भावाच्या गावी नेलं. तिथं शिंपी आता उशांचे अभ्रे शिवतो. शिलाई सरळ येते, फक्त सुईत दोरा बायकोला ओवून द्यावा लागतो.