सोमवारचा साखरपुडा

आमची आई एकदा खोटं बोलायला लागली की थांबत नाही. मी हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा शेजारणींना सांगायला तिला काहीतरी कारण हवं होतं. पोरीने सोळा सोमवार धरलेत, तिने ठोकून दिलं. त्यानंतर मी जसजशी बारीक होत गेले तसतसा आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये महादेवाचा भाव वाढत गेला.

खरं कारण माझ्या पोटावर होतं, छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत. परदेशात शिकून आलेल्या एका सर्जनने माझं जठर टाके मारून एवढंसं करून टाकलं होतं. सत्त्याऐंशी साली असं काही ऑपरेशन असतं हे आमच्यात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. त्याआधी मी इतकी जाड होते की जिना चढताना धाप लागायची, पंक्तीत बायका माझ्या ताटाकडे बघून एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या, आणि डॉक्टर म्हणाले होते की अशीच राहिलीस तर चाळिशी बघणार नाहीस. मी ऑपरेशन करून घेतलं. मला त्याची लाज नव्हती. लाज आईला होती.

"पोट कापल्याचा कळला तर कोण करतलो तुका?" माझ्या लग्नाच्या काळजीने ती म्हणायची. गिरणी बंद पडल्यापासून नाना, म्हणजे माझे वडील, तिच्यापुढे बोलत नसत. त्यांचं बघून मीही गप्प बसले.

मग पार्ल्याहून विद्याधरचं स्थळ आलं. मला आवडला तो. बोलायचा कमी, पण बोलला की तोंडाकडे बघून बोलायचा. एकदा आम्ही जुहूला गेलो. त्याने भेळ घेतली. मी चार घास खाल्ले आणि कागद खाली ठेवला.

"आवडली नाही?"

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. "सोमवार ना आज," मी म्हटलं. तो शनिवार होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उरलेली भेळ मुकाट्याने संपवली. घरी येऊन मी रडले.

त्याच्या आईने, रत्नप्रभाबाईंनी, तर मला सोमवारांवरच पसंत केलं. त्या स्वतः अंगाने भरलेल्या, गुडघ्यांनी बेजार. "रूप काय, आज आहे उद्या नाही. जिभेवर ताबा असलेली सून मिळायला पुण्य लागतं," असं त्या चारचौघांत म्हणाल्या. मी खाली मान घालून बसले. सगळ्यांना तो विनय वाटला. खरं सांगितलं तर हे स्थळ त्याच दिवशी मोडणार, हे मला दिसत होतं. आणि नाही सांगितलं तर सोळा उलटले तरी जन्मभर दर सोमवारी नाटक.

साखरपुडा मुद्दाम सोमवारी ठेवला. बाहेर पाट मांडले होते, गुरुजी आले होते, आई पाहुण्यांना माझी भक्ती ऐकवत होती. मी आतल्या खोलीत नटून बसले होते. इतक्यात रत्नप्रभाबाई दार लोटून आत आल्या. हातात साखरेचा पुडा, जरीचा कागद लावून, मणी चिकटवून त्यांनी स्वतः सजवलेला.

"तुझं बघून मीपण सोमवार धरलेत गं," त्या कौतुकाने म्हणाल्या. "सकाळपासून अन्नाचा कण नाही."

मी काही बोलणार तोच त्या खाटेवर टेकल्या. कपाळावर घाम डवरला. पुडा धरलेले हात थरथरायला लागले.

"काकू, बरं वाटत नाही?"

"तू... ती ही कुठंय... वाटी..." त्या भलतंच बोलायला लागल्या.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, गोळी घेऊन उपाशी राहिल्यावर तिला अस्संच झालं होतं, साखरपाणी पाजलं तेव्हा सावरली. "तुम्हाला साखरेचा आजार आहे? गोळी घेतलीत आज?"

त्यांनी कशीबशी होकाराची मान हलवली. "कुणाला... माहीत नाही."

मी त्यांच्या हातातला पुडा ओढला. त्यांनी दात आवळले. "उपास... अपशकुन..."

"गेला खड्ड्यात अपशकुन! तोंड उघडा!" मी होणाऱ्या सासूवर ओरडले. पुडा टराटरा फाडला. मणी जमिनीवर सांडले. मूठभर साखर तांब्यातल्या पाण्यात घालून मी त्यांना घोट घोट पाजली. मला वाटलं ही बाई माझ्यामुळे मरतेय, माझ्या खोट्यामुळे.

हळूहळू त्यांची नजर ठिकाणावर आली. "हे तुला कसं कळलं?"

"हॉस्पिटलात बघितलं होतं." आता मागे फिरणं नव्हतं. "काकू, मी एकही सोमवार केला नाही. माझं जठर ऑपरेशन करून लहान केलंय. तुम्ही उपास करताय तो मी न केलेला उपास आहे."

मग त्यांनी माझं मनगट धरलं. "साखरेचं घरी कळलं तर मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देणार नाहीत. तू माझं सांगू नकोस, मी तुझं सांगत नाही."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. लग्न वाचत होतं. तेवढ्यात विद्याधर दारात आला. "गुरुजी बोलावतायत. अरे, हा पुडा कसा फाटला?"

"माझ्या हातून पडला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अजून पांढराच होता. माझं खोटं टिकवायचं आणि त्यांचं दुखणं लपवायचं तर या बाईला पुढच्या सोमवारीही घरच्यांसमोर उपाशी राहावं लागणार होतं.

"पडला नाही, मी फाडला," मी म्हटलं. "का फाडला ते काकू सांगतील, ते त्यांचं आहे. आधी माझं ऐका. माझे सोमवार खोटे आहेत. माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, त्याने मी बारीक झाले. बाहेर जाऊन सगळ्यांना सांगा हवं तर."

बाहेर आईचा आवाज एकदम बंद झाला.

"आणि मला साखर आहे," रत्नप्रभाबाई भिंतीकडे बघत पुटपुटल्या.

विद्याधर खाली बसला. सांडलेले मणी गोळा केले. फाटक्या पुड्याचं तोंड मुडपून त्याने तो माझ्या ओटीत ठेवला.

"आई, तुला ताट वाढून आणतो, आत्ताच्या आत्ता जेवायचं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आणि तुला चार घास. जुहूला शनिवार होता, प्रेमा. तू कधी सांगतेस याची मी वाट बघत होतो."